टोपी पांढरी, चेहरा काळवंडलेला : फोटो एडिटिंगविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत : बाजारात, जत्रेत, रस्त्याच्या कडेला टिपलेले चेहरे आणि घरी आल्यावर संगणकावर त्यांचं काय करायचं. पहिलं उत्तर मुद्दाम लांब दिलं आहे. त्यातल्याच पायऱ्या पुढच्या उत्तरांत पुन्हा लागतील.

आठवडी बाजारात दुपारी साडेबाराला एका आजोबांचा, त्यांना विचारून, फोटो काढला. डोक्यावर पांढरी टोपी, मागे चुन्याची भिंत. टोपी आणि भिंत छान आली, पण चेहरा काळपट आणि डोळे दिसतच नाहीत. लाइटरूम या एडिटिंग प्रोग्रॅममध्ये ‘शॅडोज’ १०० वर नेलं की डोळे दिसतात, पण चेहऱ्याला राख फासल्यासारखी वाटते आणि टोपीभोवती उजळ कडा येते. रॉ फाइल आहे. आयएसओ २००, एफ/४, १/२५०० सेकंद, ५० मिमी लेन्स. काय चुकतंय? (वाचक, तासगाव)

एक्स्पोजर चुकलेलं नाही. टोपी जळाली नाही, म्हणजे पांढरीफटक होऊन तिचा तपशील गेला नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. भर उन्हातली पांढरी टोपी आणि भुवयांखालचे डोळ्यांचे खळगे यांच्यात चार-पाच स्टॉपचा फरक सहज असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). सावलीतला काळोख नंतर उजळता येतो, पण पांढरं होऊन गेलेलं कापड परत येत नाही, कारण तिथे सेन्सरने तपशील नोंदवलेलाच नसतो. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, प्रत्येक रंगवाहिनीला (लाल, हिरवी, निळी) १६,३८४ पायऱ्या असतात, तर जेपेगमध्ये फक्त २५६. म्हणून आयएसओ २०० वरची रॉ फाइल दोन स्टॉप उजळली तरी सहसा तुटत नाही. जेपेग तेवढी उजळली की गालावर पट्टे आणि डाग दिसायला लागतात.

आता राखेबद्दल. चेहऱ्यावरचा काळोख दोन प्रकारचा असतो. एक उजेड न पोचल्यामुळे आलेला : डोळ्यांचे खळगे, नाकाखालची जागा, हनुवटीखालचा गळा. दुसरा चेहऱ्याच्या घडणीचा : सुरकुत्यांच्या रेषा, दाढीचे खुंट, गालाचा उतार. ‘शॅडोज’चा स्लायडर या दोघांत फरक करत नाही, दोन्ही सारखेच वर उचलतो. घडण सपाट झाली की कातडीचा जिवंतपणा जातो आणि करडा थर चढल्यासारखा दिसतो. शिवाय हा स्लायडर प्रत्येक जागेची तुलना शेजारच्या जागेशी करून काम करतो. काळ्या कपाळाला लागून पांढरी टोपी आली की त्या सीमेवर त्याचा अंदाज चुकतो आणि तुम्हाला दिसलेली कडा उमटते. तेव्हा पूर्ण फोटोवर थोडंच करायचं आणि बाकीचं नेमक्या जागी, हाताने करायचं.

सुरुवात प्रोफाइलपासून, म्हणजे रंग आणि कॉन्ट्रास्टच्या तयार साच्यापासून करा. ‘अडोबी कलर’मध्ये कॉन्ट्रास्ट आधीच थोडा चढलेला असतो. अशा कडक उन्हाच्या फोटोला ‘अडोबी न्यूट्रल’ किंवा ‘अडोबी पोर्ट्रेट’ घेतलं की खळग्यांतला काळोख तिथेच थोडा सैल होतो.

मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती. इथे पुष्कळ जण फसतात. पांढरं दिसलं म्हणून ड्रॉपर टोपीवर टेकवतात आणि चेहरा हळद लावल्यासारखा पिवळा होतो. कारण साधं आहे : टोपीला नीळ दिलेली असते आणि आजकालच्या धुण्याच्या पावडरीतही कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून निळसर चमक देणारी द्रव्यं असतात. ती टोपी डोळ्याला पांढरी दिसली तरी मोजमापात निळीकडे झुकलेली असते. प्रोग्रॅम ती निळाई काढायला जातो आणि सगळा फोटो पिवळ्याकडे ढकलतो. दुपारच्या उन्हाला ५२०० ते ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) हाताने द्या. मग उजेडातल्या गालावर कर्सर ठेवून आरजीबीचे आकडे वाचा. सावळ्या कातडीत लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा असा क्रम हवा, उदाहरणार्थ लाल ६४ टक्के, हिरवा ४७, निळा ३५. हे आकडे पाठ करू नका, माणसागणिक बदलतात. क्रम मात्र बदलत नाही. निळा हिरव्याच्या वर गेला तर फोटोत रंगाचा डाग आहे असं समजा.

आता पूर्ण फोटोवर : एक्स्पोजर +०.५, हायलाइट्स −५०, शॅडोज +२५, ब्लॅक्स −५. कॉन्ट्रास्टला हात नको. हे करताना टोपीवर लक्ष ठेवा. सगळ्यात उजळ जागी तिन्ही वाहिन्या ९२ ते ९६ टक्क्यांच्या आत राहिल्या पाहिजेत, म्हणजे टोपीच्या घड्या आणि शिवण दिसत राहते. व्हाइट्स स्लायडरवर ऑल्ट दाबून धरलं की जळणाऱ्या जागा काळ्या पडद्यावर चमकून उठतात.

यानंतर खरं काम. चेहऱ्यावर रेडियल मास्क (बदल तेवढ्याच जागेपुरता ठेवणारी गोल निवड) घ्या, फेदर (कडेचा मऊपणा) ८०च्या आसपास, आणि टोपीचा भाग त्यातून ब्रशने नीट वजा करा. टोपीच्या काठाशी मात्र ब्रशचं फेदर कमी, २०-२५ ठेवा, नाहीतर उजेड टोपीवर सांडतो आणि तुम्ही जिच्यापासून पळताय तीच कडा परत येते. एक्स्पोजर +०.५. त्यानंतर दोन्ही खळग्यांसाठी वेगळा ब्रश : आकार डोळ्याच्या साधारण दुप्पट, फेदर १००, फ्लो (एका हातात बसणारं प्रमाण) ३०, एक्स्पोजर +०.७. दोन-तीन हलके हात फिरवा. खळगे गालाच्या बरोबरीला आणायचे नाहीत, गालापेक्षा सुमारे एक स्टॉप खालीच ठेवायचे. दुपारचं ऊन डोक्यावरून येतं हे पाहणाऱ्याला नकळत ठाऊक असतं. खळग्यांत गालाइतकाच उजेड आला तर चेहरा खोटा वाटतो, भले कारण सांगता न येवो.

डोळ्यांत फक्त बुबुळांना +०.३ पुरे. डोळ्याचा पांढरा भाग उजळू नका. वयस्कर माणसाच्या डोळ्यांत तो पिवळसर, लालसर असतो, बुबुळाभोवती फिकं कडं असतं. ते त्यांच्या वयाचं आहे. डोळ्यात उजेडाचा ठिपका असेल तर तो बहुधा खालच्या अर्ध्या भागात असेल, कारण उन्हाने तापलेल्या जमिनीचंच ते प्रतिबिंब असतं. ठिपका नसेल तर रंगवू नका. बरेच जण वरच्या बाजूला पांढरा ठिपका ठेवतात आणि तिथे स्टुडिओचा दिवा लावल्यासारखा दिसतो.

कपाळ आणि नाकाच्या शेंड्यावर घामाची चकाकी असेल तर तिथे एक्स्पोजर खाली ओढू नका. जळलेली चकाकी रंगहीन असते, ती काळी केली की तिचा करडा डाग होतो. फक्त हायलाइट्स −३० द्या आणि उरलेली चकाकी राहू द्या. उन्हात उभ्या माणसाला घाम येणारच.

भिंत मात्र खाली आणायलाच हवी. नजर फोटोतल्या सगळ्यात उजळ, मोठ्या जागेकडे जाते आणि सध्या ती जागा चेहऱ्याची नसून चुन्याची आहे. बॅकग्राउंडचा मास्क घेऊन एक्स्पोजर −०.६, हायलाइट्स −२०. टोपी भिंतीपेक्षा उजळ दिसायला लागली की थांबा.

क्लॅरिटी चेहऱ्यावर शून्य ठेवा. ती मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट वाढवते आणि सावळ्या चेहऱ्यावर काजळीसारखी बसते. त्याऐवजी टेक्स्चर +१०. शार्पनिंगमध्ये अमाउंट ५०, रेडियस १.०, डिटेल २५ आणि मास्किंग ६० ते ७०. मास्किंगवर ऑल्ट दाबलं की पांढऱ्या दिसणाऱ्या जागाच धारदार होणार हे कळतं : पापण्या, मिशा, टोपीची कड पांढरी हवी आणि मोकळा गाल काळा.

शेवटी फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा छोटा करून पाहा. नजर आधी चेहऱ्यावर गेली तर काम झालं. टोपीवर किंवा भिंतीवर अडकली तर भिंत आणखी थोडी खाली घ्या. चेहरा आणखी उजळण्याचा मोह होईल, तो टाळा.

लाइटरूम नसेल तर डार्कटेबल मोफत मिळतं. त्यातलं ‘टोन इक्वलायझर’ हे मॉड्यूल छटांच्या पट्ट्या वेगवेगळ्या उचलतं आणि चेहऱ्याची घडण बरीच शाबूत ठेवतं. मोबाइलवर स्नॅपसीडचं ‘सिलेक्टिव्ह’ वापरा : खळग्यावर बोट टेकवा, दोन बोटांनी वर्तुळ लहान करा, ब्राइटनेस +२० ते +३०.

भाजी मंडईत निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या मावशींचा फोटो आहे. चेहरा निळा-जांभळा दिसतो. व्हाइट बॅलन्स बदलला की चेहरा ठीक होतो, पण बाजूच्या उन्हातल्या भाज्या आणि रस्ता भगवा होतो. (वाचक, नाशिक)

फोटोत दोन उजेड आहेत आणि दोघांचे रंग वेगळे आहेत. वरून ताडपत्रीतून गाळून आलेला निळा, बाजूने मोकळं ऊन. एका स्लायडरने दोन्ही सुटणं शक्य नाही.

आधी ठरवा की फोटोभर कोणता उजेड बरोबर धरायचा. मंडईत बहुतेक वेळा उन्हाचा धरलेला बरा, कारण भाज्यांचे रंग सगळ्यांना पाठ असतात. भगवी मेथी कुणी मान्य करणार नाही. तेव्हा पूर्ण फोटोला ५२००-५३०० केल्विन. मग मावशींचा चेहरा, गळा आणि हात यांचा एक मास्क. हात विसरू नका; चेहरा तपकिरी आणि तराजू धरलेले हात निळे, असे फोटो नेहमी येतात. त्या मास्कमध्ये टेंप (निळा-पिवळा तोल) +२५ ते +४० आणि टिंट (हिरवा-मॅजेंटा तोल) गरजेनुसार. ताडपत्रीच्या रंगात हिरव्याचा अंश असेल तर टिंट मॅजेंटाकडे, जांभळट असेल तर हिरव्याकडे. पुन्हा आरजीबीचा क्रम वाचा : लाल, हिरवा, निळा.

इथे एक अडचण येते ती आधीच समजून घ्या. एरवी कातडीत लाल वाहिनी सगळ्यात भरलेली आणि स्वच्छ असते. निळी ताडपत्री लाल उजेड अडवते, त्यामुळे इथे लालच उपाशी राहते. तुम्ही टेंप वाढवता तेव्हा प्रोग्रॅम त्याच कमकुवत वाहिनीला ताणतो आणि गालावर लालसर ठिपके, चट्टे दिसू लागतात. म्हणून त्याच मास्कमध्ये नॉइज (खरखर कमी करणारा स्लायडर) +२० ते +३० द्या, सॅच्युरेशन −१० करा आणि रंग पूर्ण दुरुस्त करण्याच्या थोडं आधी थांबा. केसांवर, पदरावर थोडी निळाई राहिली तर राहू द्या. त्या ताडपत्रीखालीच बसल्या आहेत, हे फोटोत दिसलं पाहिजे.

पुढच्या वेळी फोटो काढतानाच त्यांच्या चेहऱ्याच्या बाजूने एखादा पांढरा कागद किंवा रिकामी पांढरी गोणी उन्हाचा उजेड परत फेकेल अशी जागा निवडा. तेवढ्याने लाल वाहिनीला खाद्य मिळतं आणि एडिटिंगचं अर्धं काम वाचतं.

जेजुरीला भंडारा उधळताना एका तरुणाचा जवळून फोटो काढला. चेहऱ्यावरचा भंडारा म्हणजे नुसता पिवळा डाग दिसतोय, पूड वाटतच नाही. (वाचक, बारामती)

हळद निळा उजेड जवळजवळ पूर्ण शोषते आणि लाल-हिरवा परत पाठवते. त्यामुळे भंडाऱ्यावर निळी वाहिनी शून्याला टेकते आणि उन्हात लाल वाहिनी छताला. पुडीचे कण, त्यांच्यातल्या बारीक सावल्या ज्या फरकातून दिसायच्या तो फरकच दोन वाहिन्यांतून नाहीसा होतो. त्यातून कॅमेरा ‘व्हिव्हिड’ या भडक रंगांच्या मोडवर ठेवला असेल तर जेपेगमध्ये काहीच उरत नाही. रॉ असेल तर बरंच परत मिळतं.

एक्स्पोजर −०.३ ते −०.५ करा. कलर मिक्सरमध्ये पिवळ्याचं सॅच्युरेशन −२० ते −३०, ल्युमिनन्स (उजळता) −१०. नारंगीला हात लावू नका, त्यात कातडी आहे. मग भंडाऱ्यावर मास्क घेऊन टेक्स्चर +३०. सॅच्युरेशन उतरवताना फोटो फिका होईल अशी भीती वाटते, पण कणांमधल्या सावल्या दिसू लागल्या की पिवळा उलट अधिक दाट वाटतो.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर तो हाताने ५३०० करा. सगळीकडे पिवळं दिसल्यावर ऑटो ते दुरुस्त करायला निघतो आणि आकाशापासून दातांपर्यंत सगळ्यावर निळी झाक आणतो. आणि भंडाऱ्याखालच्या कातडीचा ‘मूळ रंग’ शोधत बसू नका. कान, मान किंवा मनगट जिथे मोकळं आहे तिथे आकडे वाचा.

गुलालाचंही असंच, फक्त तिथे लाल वाहिनी आधी फाटते आणि तपशील हिरव्या वाहिनीत उरलेला असतो. गुलालाचा फोटो कृष्णधवल करायचा तर तो हिरव्या वाहिनीतूनच करा.

रस्त्यावर चपला शिवणाऱ्या काकांचा फोटो मोठा करून त्यांना भेट द्यायचा आहे. त्यांच्या मुलीला फोटो दाखवला, ती म्हणाली, “छान आहे, पण रंग थोडा उजळ करा ना.” करू का? आणि सुरकुत्या? (वाचक, सोलापूर)

मुलीचं म्हणणं आधी नीट समजून घ्या. अनेकदा फोटो खरोखरच अंधारा असतो आणि लोकांकडे ते सांगायला ‘रंग उजळ करा’ हेच शब्द असतात. कॅमेऱ्याचं मीटर सगळं मध्यम करड्यावर आणायला बघतं. मागे पांढरा बोर्ड असेल तर ते पूर्ण फोटो काळा करतं आणि आधीच सावळा असलेला चेहरा बिचारा आणखी खाली जातो. हा कॅमेऱ्याचा अन्याय आहे, तो दूर केलाच पाहिजे.

फरक असा ओळखा. काकांच्या कपड्यावर, हातातल्या चामड्यावर, मागच्या बोर्डावर जितका उजेड आहे तितकाच चेहऱ्यावर आला, तर ते एक्स्पोजर. चेहरा उजळला आणि हात तसेच राहिले, किंवा ओठ, भुवया, दाढी यांच्यापेक्षा कातडीच तेवढी फिकी झाली, तर तुम्ही माणसाचा रंग बदलला. कलर मिक्सरमध्ये नारंगीचं ल्युमिनन्स +३०, +४० नेणं हा त्याचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग आहे. त्याने कातडी मेणासारखी होते, मातीचा रंग, विटा, चामडं हे सगळं सोबत फिकं पडतं आणि काका काका राहत नाहीत. +५च्या पुढे जाऊ नका. गरज असेल तर पहिल्या उत्तरातला मास्क घ्या, चेहरा आणि हात दोन्हीला एकत्र +०.४ द्या आणि त्या मुलीला पुन्हा दाखवा. बहुतेक वेळा तिला तेवढंच हवं असतं.

सुरकुत्या काढू नका. फोटो काढला त्या दिवशीच आलेली पुळी, चिकटलेला धागा, डोळ्यातली घाण हे खुशाल हीलिंग ब्रशने काढा. आठवड्याने ते राहणार नव्हतं. तीळ, व्रण, देवीचे व्रण, तुटलेला दात, हातांच्या चिरा हे त्यांचं आहे. सुरकुत्या फारच कोरल्यासारख्या दिसत असतील तर त्या पुसण्याऐवजी त्यांची खोली कमी करा : चेहऱ्याच्या मास्कमध्ये टेक्स्चर −८ ते −१०. स्मूदिंगच्या ॲपपासून दूर राहा.

फोटो ‘एआयने एन्हान्स’ करणाऱ्या ॲपबद्दलही इथेच सांगतो. लहान, अस्पष्ट चेहरा दिला की ती डोळे, पापण्या, कातडीची छिद्रं स्वतः बनवतात. चेहरा लख्ख होतो, पण तो दुसऱ्याच माणसाचा असतो. घरच्यांना ते पहिल्या नजरेत कळतं. नॉइज कमी करणारी एआय साधनं वेगळी, ती बेताने वापरली तर हरकत नाही. कपाळाची घडी नाहीशी व्हायला लागली की प्रमाण निम्म्यावर आणा.

चेहऱ्याचे फोटो कृष्णधवल केले की सपाट करडे दिसतात. (वाचक, कणकवली)

सॅच्युरेशन शून्य करत असाल, म्हणून. लाल साडी, हिरवं दार आणि तपकिरी चेहरा यांची उजळता सारखी असेल तर रंग काढल्यावर तिघेही एकाच करड्यात मिसळतात. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ मिक्सर वापरा. चेहरा मुख्यतः नारंगी आणि थोडा लाल या दोन स्लायडरांत असतो. मागचं दार हिरवं असेल तर हिरवा −३० करा, दार मागे सरकेल आणि चेहरा न उजळता पुढे येईल. पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याचा रापलेला चेहरा असेल तर नारंगी −१० नेऊन पाहा, कातडीला वजन येतं. लाल फार वर नेला की ओठ आणि गाल दुधात बुडवल्यासारखे होतात. लाल फार खाली नेला की शिरा आणि डाग उठतात. वाहिन्यांचा स्वभावच तसा आहे : लाल मऊ, हिरवी तपशिलाची, निळी खरखरीत.

मग हाताने उजेड-सावली भरा. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये नवा लेयर घ्या, ५० टक्के करड्याने भरा, मोड ‘सॉफ्ट लाइट’ ठेवा. मऊ ब्रश, ओपॅसिटी ५ टक्के. पांढऱ्याने गालाचं हाड, नाकाचा कणा, खालच्या ओठावरचा उजेड. काळ्याने जबड्याखाली, कानामागे, फेट्याच्या वळ्यांत. एका हाताने काही दिसलं नाही पाहिजे, दहा हातांनी दिसलं पाहिजे. जिथे ऊन पडलं होतं तिथेच पांढरं. उजेडाची दिशा बदलायला गेलात तर नाकाची सावली लगेच चुगली करेल.

रात्री गाडीवर वडे तळणाऱ्या दादांचे फोटो काढतो. कधी सगळं नारिंगी, कधी चेहऱ्यावर आडव्या काळ्या पट्ट्या. (वाचक, डोंबिवली)

नारिंगी उजेड जुन्या सोडियम दिव्याचा. तो सुमारे २००० केल्विनचा असतो आणि लाइटरूमचा स्लायडर तिथेच संपतो. शिवाय त्या उजेडात निळा जवळजवळ नसतोच, म्हणून कितीही दुरुस्त केलं तरी कातडीचा रंग येत नाही. असा फोटो कृष्णधवल करा. कढईखालच्या जाळाचा किंवा गाडीवरच्या बल्बचा उजेड चेहऱ्यावर असेल तर मात्र रंगातच ठेवा, फक्त नारंगीचं सॅच्युरेशन −१५ करा.

पट्ट्या एलईडीच्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५०० ठेवलं की सेन्सरच्या काही ओळी दिवा मंद असताना वाचल्या जातात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. आधीच काढलेल्या फोटोत दोन-तीन रुंद पट्ट्या असतील तर प्रत्येकीवर लिनियर मास्क टाकून +०.३ ते +०.५ देता येतं. चेहऱ्यावरून दहा बारीक पट्ट्या जात असतील तर ती फ्रेम सोडून द्या.

स्पर्धेला पाठवायच्या फोटोत मागे अर्धवट दिसणारा माणूस काढून टाकला तर चालतं का? (वाचक, पणजी)

त्या स्पर्धेचे नियम वाचा. वृत्तछायाचित्रणाच्या स्पर्धांत चालत नाही. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१० मध्ये एका मालिकेचं बक्षीस रद्द झालं, कारण एका फोटोत मागे दिसणारा पायाचा छोटासा तुकडा पुसला होता. तोच भाग क्रॉप करून गेला असता तर चाललं असतं. सेन्सरवरच्या धुळीचा डाग काढणं मान्य असतं. मूळ रॉ फाइल जपून ठेवा, ती मागतात. स्पर्धा नसेल आणि फोटो घरी लावायचा असेल तर तो माणूस पुसण्याऐवजी एक्स्पोजर −०.८, सॅच्युरेशन −३० करून पाहा. तो तिथेच राहतो, पण नजरेला अडत नाही. पुसलेल्या जागी भिंतीचा पोत हमखास चुकतो.

मोबाइलवरचा फोटो लॅबवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवला, ८ बाय १२ प्रिंट मागवली. प्रिंट धूसर आणि काळी आली. (वाचक, जळगाव)

दोन वेगळ्या चुका आहेत. धूसर आली कारण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्याची लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर येते. १२ इंचाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे तुम्ही निम्म्याहून कमी दिले. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या. जेपेग, क्वालिटी ९० च्या वर, कलर स्पेस एसआरजीबी, आकार २४०० बाय ३६०० पिक्सेल.

काळी आली कारण मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो आणि कागद फक्त खोलीतला उजेड परत करतो. ब्राइटनेस पूर्ण चढवून एडिट केलं की फोटो आहे त्यापेक्षा उजळ भासतो, म्हणून तुम्ही तो अंधारा ठेवता. पडद्याचा ब्राइटनेस निम्म्याच्या आसपास आणा, शेजारी पांढरा कागद धरा आणि पडद्यावरचा पांढरा त्या कागदाइतकाच दिसतो का ते बघून मग एडिट करा. ऑटो ब्राइटनेस आणि रात्रीचा पिवळा मोड बंद. मोठी प्रिंट मागवण्याआधी त्याच कागदावर ४ बाय ६ च्या तीन प्रिंट काढून घ्या : एक आहे तशी, एक +०.३, एक +०.६. त्या घेऊन दारात या आणि दिवसाच्या उजेडात तिन्हींत डोळ्यांचे खळगे पाहा. ज्या प्रिंटमध्ये बुबुळ आणि पापणी वेगळी दिसते आणि कपाळ अजून पांढरं पडलेलं नाही, तिचाच आकडा लॅबला द्या. लॅबच्या माणसाला ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ असंही सांगा, नाहीतर तुमचा +०.३ त्यांच्या मशीनमध्ये परत बदलून जाईल.